२६ मिनिटांत ४२ तुकडे: नेकेड सिटीचा 'टॉर्चर गार्डन' समजून घेताना

'टॉर्चर गार्डन' हा न्यूयॉर्कच्या नेकेड सिटी नावाच्या बँडचा अल्बम, १९८९-९० च्या सुमारास आलेला, यात ४२ तुकडे आहेत आणि सगळे मिळून साधारण २६ मिनिटांत आटोपतात. सरासरी काढली तर एका तुकड्याच्या वाट्याला ३७ सेकंद येतात, आणि काही तुकडे तर दहा-बारा सेकंदांतच खलास. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास विचारतो, हे संगीत आहे का? मला हा प्रश्न अजिबात चुकीचा वाटत नाही. उलट याचं उत्तर नीट, न चिडता द्यायला पाहिजे असं वाटतं, कारण हा अल्बम आवडणारे लोक बहुतेक वेळा "तुला कळणार नाही" म्हणून मोकळे होतात आणि न आवडणारे "गोंगाट आहे" म्हणून. आपल्या इंदूरात गाणं ऐकणारी माणसं कमी नाहीत, रामबागेपासून राजेंद्र नगरपर्यंत प्रत्येक मराठी घरात कुणी ना कुणी चार वर्षं तरी तबला नाहीतर पेटी शिकलेलं असतं, त्यामुळे लय, मात्रा, सम हे शब्द समजावत बसायची गरज नाही. तेच शब्द घेऊन मी हा अल्बम उलगडायचा प्रयत्न करतोय, यात जबरदस्त काय आहे आणि कुठे तो कमी पडतो, दोन्ही.

या तुकड्यांचा वेग आणि आरडाओरडा ग्राइंडकोर नावाच्या संगीतातून आलाय, म्हणून आधी ते काय ते बघू. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं शहर, ऐंशीच्या दशकात बेकारी वाढलेली, आणि तिथल्या पोरांनी हार्डकोर पंक, म्हणजे सुसाट आणि चिडक्या रॉकचा वेग आणि मेटल, म्हणजे जड, घोगऱ्या गिटारींच्या रॉकचा जडपणा एकत्र केला. नेपाम डेथ हा त्यातला सगळ्यात गाजलेला बँड, १९८७ मध्ये त्यांचा 'स्कम' आला, २८ गाणी आणि जेमतेम ३३ मिनिटं. त्यातलं 'यू सफर' हे गाणं १.३१६ सेकंदांचं आहे, जगातलं सगळ्यात छोटं गाणं म्हणून त्याची गिनेसमध्ये नोंद आहे. ग्राइंडकोर हे नाव त्यांचा ड्रमर मिक हॅरिस याने रूढ केलं असं सगळेच मानतात. गाण्यांचे विषय राजकीय, कंपन्या, युद्ध, पिळवणूक, पण शब्द ऐकू येतील अशी अपेक्षाच ठेवायची नाही, आवाज घशाच्या अगदी तळातून येतो आणि शब्द कव्हरवर छापलेले वाचायचे. गंमत अशी की हे सगळं भूमिगत असूनसुद्धा बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील नावाच्या निवेदकाने ते मनापासून लावलं, त्यामुळे ते इंग्लंडभर घरोघरी पोचलं.

या संगीताचा कणा म्हणजे ब्लास्ट बीट. तबला येणाऱ्याला हे लगेच कळेल. स्नेअर आणि किक, म्हणजे वरचा करकरीत ड्रम आणि पायाने वाजवायचा मोठा ड्रम, हे एकाआड एक वाजत राहतात, मध्ये कुठेही रिकामी जागा नाही, आणि वर झांज सतत चालू. समजा मिनिटाला २०० ठोक्यांची लय आहे आणि प्रत्येक ठोक्यात चार आघात बसवले, तर सेकंदाला १३ च्या वर आघात होतात, निम्मे हाताचे आणि निम्मे पायाचे. या वेगात कान आघात सुटे मोजणं सोडून देतो. लय चालतेय असं वाटतच नाही, एक सपाट घरघर ऐकू येते, आणि त्या घरघरीच्या आत गिटार काय करतेय ते शोधावं लागतं. अतिद्रुत तीनतालात रेला वाजतो तेव्हा बोल वेगळे ऐकू न येता एक ओघ ऐकू येतो ना, काम तेच आहे, फक्त रेला कुठून तरी वाढत वाढत तिथे पोचतो आणि ब्लास्ट बीट पहिल्या क्षणापासून तिथेच असतो.

आता जरा उलट टोकाला जाऊ, कारण ते टोक आपल्याच गावात आहे. उस्ताद अमीर खाँ साहेब. त्यांचे वडील शहमीर खाँ होळकर दरबारात होते, खाँ साहेब इथेच वाढले आणि त्यांच्या गायकीला इंदूर घराणं हेच नाव पडलं. त्यांचा अतिविलंबित झुमरा ऐका. १४ मात्रांचा ताल, एका मात्रेला चार सेकंद धरले तरी एक आवर्तन पूर्ण व्हायला ५६ सेकंद लागतात. एवढ्या वेळात नेकेड सिटीचा एक अख्खा तुकडा सुरू होऊन, मोडून, पुन्हा उभा राहून संपलेला असतो, आणि इकडे खाँ साहेब अजून समेवर यायचेत. मी हे दोन्ही ऐकत वाढलोय आणि मला यातलं एक खरं न् दुसरं खोटं असं कधी वाटलं नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, ऐकणाऱ्याच्या वेळेचं करायचं काय. खाँ साहेब तो ताणतात आणि नेकेड सिटी त्याचे बारीक तुकडे करते. या एका गोष्टीवरून अल्बमची ताकदही कळते आणि उणीवही, म्हणून पुढे परत परत तिकडे येणार आहे.

नेकेड सिटी हा मुळात ग्राइंडकोरचा बँडच नाही, हे लक्षात ठेवलं तर अर्धा गोंधळ मिटतो. जॉन झॉर्न, जन्म १९५३, न्यूयॉर्कचा, ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो आणि मुख्य म्हणजे कंपोझर आहे. १९८८ मध्ये त्याने हा बँड बांधला तो एक प्रयोगशाळा म्हणून, रॉक बँडच्या साच्यात किती काय बसवता येतं ते बघायला. माणसं बघा कशी निवडली. गिटारवर बिल फ्रिझेल, जो एरवी इतकं हळुवार आणि मोकळं वाजवतो की ऐकताना दुपार लांबल्यासारखी वाटते. बासवर फ्रेड फ्रिथ, जो खरं तर गिटारवाला, हेन्री काउ या इंग्लिश बँडमधला. की-बोर्डवर वेन हॉर्विट्झ. ड्रमवर जोई बॅरन, पक्का जॅझचा माणूस. आणि ओरडायला जपानचा यामात्सुका आय, ओसाकाच्या बोरडम्स बँडचा. म्हणजे चार-पाच जॅझवाले आणि प्रयोगवाले, त्यांना मिक हॅरिसचं संगीत अंगात भिनवायला लावलं. झॉर्नचं हे प्रेम वरवरचं नव्हतं, पुढे १९९१ मध्ये त्याने खुद्द मिक हॅरिसलाच घेऊन पेनकिलर नावाचा वेगळा बँड केला, आणि 'टॉर्चर गार्डन' इंग्लंडात काढला तो इअरॅक कंपनीने, ज्यांनी 'स्कम' काढला होता.

एवढा आरडाओरडा असूनही हा अल्बम खेळकर वाटतो, त्याचं मूळ कार्टूनमध्ये आहे. झॉर्नचा एक मोठा हिरो म्हणजे कार्ल स्टॉलिंग, वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनना १९३६ ते १९५८ संगीत देणारा माणूस. आपल्यातल्या बहुतेकांनी बग्ज बनी बघितलाय पण संगीताकडे लक्ष दिलेलं नसतं. एकदा टीव्हीकडे पाठ करून नुसतं ऐका. ससा पळतोय तर व्हायोलिन पळतात, पाय घसरला की ट्रॉम्बोन घसरतो, अर्धा सेकंद शांतता, मग धाडकन आपटला, मग लगेच एखाद्या जुन्या प्रेमगीताची ओळ. संगीताच्या हिशोबाने बघितलं तर यातलं काहीही कशालाही धरून नाही, कारण धागा पडद्यावर आहे. झॉर्नने काय केलं, पडदाच काढून टाकला आणि ही उडी मारत जाणारी रचना तेवढी ठेवली. यासाठी तो कार्डं वापरायचा, एका कार्डवर एक प्रसंग, एक आवाज, एक मूड असं लिहायचं आणि मग ती कार्डं लावायची, बदलायची, पुन्हा लावायची. १९८७ चा त्याचा 'स्पिलेन' असाच कार्डांवरून रचलेला आहे. अमीर खाँ साहेबांच्या घरात मेरुखंड होता, सात स्वरांच्या ५०४० क्रमवाऱ्या घोटायच्या आणि त्यातून रागाला चालणारा रस्ता काढायचा. या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण क्रम बदलला की अर्थ बदलतो यावरचा विश्वास मला दोघांकडेही सारखाच दिसतो.

आता एक तुकडा जवळून बघू, 'स्पीडफ्रीक्स'. अल्बमच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात येतो, पन्नास सेकंदांच्या आसपास. यात जवळजवळ प्रत्येक बारला, म्हणजे आपल्या भाषेत दर चार मात्रांना, शैली बदलते. थ्रॅश म्हणजे वेगवान मेटल, मग कंट्री म्हणजे अमेरिकन गावाकडचं गाणं, मग जमैकाचं रेगे, ब्लूज, जॅझ, पुन्हा थ्रॅश, असं करत करत ते पळतं. पहिल्यांदा ऐकलं की रेडिओची खुंटी फिरवल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा फक्त जोई बॅरनकडे लक्ष द्या. शैली बदलताना त्याला एका मात्रेचीही सवड नाही, तरी रेगेत गेला की स्नेअरचा आवाज सैल होतो, जॅझमध्ये गेला की झांजेवर येतो, आणि परत ब्लास्टवर येताना हात अडखळत नाही. तिसऱ्यांदा फ्रिझेलची गिटार ऐका, नुसते सूर बदलत नाहीत तर गिटारचा पोत बदलतो, एका क्षणी स्वच्छ, गोड आणि पुढच्या क्षणी कर्कश, तेही एकाच माणसाच्या हातातून. हे एडिटिंगने जोडलेलं नाही, पाच-सहा माणसं एका खोलीत एकदम वळतायत. हे कळलं ना की अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी येतो.

म्हणून याला गोंधळ म्हणणं मला पटत नाही. गोंधळ बघायचा असेल तर लग्नसराईत राजवाड्याजवळ जा, दोन वराती समोरासमोर आल्या की दोन्ही बँड आपापलं गाणं जोरात वाजवतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि कुठला ढोल कुठल्या गाण्याचा ते नवरदेवालाही कळत नाही. नेकेड सिटीमध्ये सगळे एकमेकांचं इतकं बारीक ऐकतायत की एक जण पाव सेकंद उशिरा वळला तर अख्खा तुकडा कोसळेल. बाहेरून धिंगाणा दिसतो आणि आतून पलटणीची शिस्त आहे. आणि त्या शिस्तीतून हसू येतं, ही यातली सगळ्यात आवडती गोष्ट. भयंकर किंचाळी चालू असताना मध्येच दोन सेकंद हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसं मऊ जॅझ येतं आणि पुन्हा किंचाळी, जणू मध्ये काही झालंच नाही. तुकड्यांची नावंही तशीच, एकाचं नाव 'थ्रॅश जॅझ असासिन', आणखी एक चक्क जळत्या समीक्षकाच्या वासावर. मुलं खेळताना मारामारीचा जो आव आणतात तो यात आहे.

आणखी एक ताकद, जी सहसा कुणी सांगत नाही. झॉर्नचा सॅक्सोफोन आणि आयचा घसा. झॉर्न सॅक्सोफोन इतका वरच्या पट्टीत चिरकवतो की तो वाद्यासारखा राहतच नाही, आणि आय शब्द जवळजवळ टाकूनच देतो, नुसते हुंकार, कण्हणं, किंकाळ्या, गुरगुर, लाळ घोटल्यासारखे आवाज. काही ठिकाणी दोघं एकमेकांना असे भिडतात की कोण माणूस आणि कोण वाद्य हे ओळखू येत नाही. याला मी जुगलबंदीच म्हणेन. सवाल-जवाबासारखं, एकाने फेकलं की दुसऱ्याने तसंच परत फेकायचं, थोडं वाकडं करून. नेपाम डेथला काही तरी सांगायचं होतं म्हणून शब्द होते, इथे शब्द काढून टाकले आणि उरला तो कंठाचा खेळ. काहींना यात संताप हरवल्यासारखा वाटतो, मला उलट कान मोकळा झाल्यासारखा वाटतो, कारण भाषा मध्ये येत नाही, बर्मिंगहॅमचा माणूस आणि सुदामा नगरचा माणूस यात एकाच पायरीवर उभे.

इथपर्यंत कौतुक झालं. माझा एक मित्र तबला वाजवतो, चांगला वाजवतो, शिकवतोसुद्धा. त्याला हा अल्बम हेडफोनवर पूर्ण ऐकवला, म्हणजे मध्ये न थांबवता. सुरुवातीला तो मान हलवत होता, एक-दोन ठिकाणी "क्या बात है" म्हणाला, 'स्पीडफ्रीक्स'ला हसला. संपल्यावर हेडफोन काढून म्हणाला, "भिया, हे सगळे तुकडे आणि तिहाया आहेत रे. पेशकार कुठाय?" ज्यांना तबल्याची सवय नाही त्यांच्यासाठी, सोलो वादनात आधी पेशकार येतो, सावकाश, ताल उलगडून दाखवणारा, मग कायदे, मग रेला, आणि मग शेवटी तुकडे, चक्रदार, तिहाया, ज्यांच्यावर टाळ्या पडतात. टाळ्या पडतात कारण मागे अर्धा तास काही तरी रचलेलं असतं.

त्याने बोट अगदी बरोबर जागेवर ठेवलं. 'टॉर्चर गार्डन'मध्ये सगळंच टाळीचं आहे, आणि म्हणून पंधराव्या-सोळाव्या तुकड्यानंतर टाळी येईनाशी होते. धक्का देणाऱ्या संगीताची ही मोठी अडचण आहे, धक्का बसायला आधी काही तरी स्थिर पाहिजे, ज्याच्यावरून ढकलता येईल. इथे पहिल्या मिनिटापासून जमीनच नाही. वीस मिनिटं झाली की आपला कान अचानक बदलालाच सवयीचा मानतो, आणि मग खरोखरचा अचानक बदल करायचा तर शांत बसावं लागेल, ते या अल्बममध्ये कुणी फारसं बसत नाही. ४२ पैकी १५ नीट निवडून ठेवले असते तर मला वाटतं हा अल्बम दुप्पट ताकदीचा झाला असता. अर्थात तेव्हा २६ मिनिटांचे झाले असते ९-१०, आणि एवढ्याशा अल्बमला पैसे कोण देणार हाही प्रश्न होताच.

दुसरी उणीव जरा खोल आहे. दोन सेकंदांचा रेगे म्हणजे रेगे नसतो, रेगेची पाटी असते. दोन सेकंदांचं कंट्री, तेही तसंच. आपण ओळखतो, "हां, हे कंट्री," आणि ते निघून जातं. याने ओळखण्याचा आनंद मिळतो, आत शिरण्याचा मिळत नाही. मारव्याचे पहिले दोन सूर ऐकून "मारवा!" म्हणणं आणि खाँ साहेबांच्या मारव्यात बसून संध्याकाळ अंगावर घेणं यात जो फरक आहे तो. झॉर्न प्रत्येक शैलीला तिच्या सगळ्यात ठळक खुणेपुरता वापरतो, आणि त्या खुणा बऱ्याचदा सिनेमातून आलेल्या, घासून गुळगुळीत झालेल्या. वाजवणारी माणसं इतकी मोठी आहेत की खूण सुद्धा जिवंत वाटते, फ्रिझेलचं कंट्री दोन सेकंदांतही खरं वाटतं कारण ते त्याच्या रक्तात आहे, पण रचना म्हणून बघितलं तर हे पत्ते पिसणं आहे आणि पत्त्यावरच्या राजाची गोष्ट कुणी सांगत नाही. जे लोक म्हणतात की आजच्या मोबाईलवर सरकवत जायच्या छोट्या व्हिडिओंच्या जगाची चाहूल या अल्बमला आधीच लागली होती, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते त्याला निव्वळ कौतुक समजतात आणि मला ते अर्धं कौतुक वाटतं.

ग्राइंडवाल्यांची तक्रार वेगळीच असते. ते म्हणतात याला वजन नाही. आणि हे खरंय. 'स्कम' ऐकताना छातीवर काही तरी ठेवल्यासारखं वाटतं, गिटार खाली उतरवून लावलेली, बास घोगरा, सगळं चिखलातून येतं. नेकेड सिटीत प्रत्येक वाद्य स्वच्छ आणि सुटं ऐकू येतं, बॅरनचा ब्लास्ट बीट हलका आहे, त्यात जॅझवाल्याच्या मनगटाची लवचिकता आहे, हॅरिसचा रानटीपणा नाही. मला ही उणीव वाटत नाही, कारण एवढ्या वेगाने वळायचं तर जड होऊन चालणारच नाही, पण ज्याला ग्राइंडकोर म्हणून हा अल्बम हवाय त्याची निराशा होणार हे आधी सांगायला हवं. आयच्या आवाजाचंही थोडं तसंच. माणूस अफाट आहे, पण सलग ४२ वेळा त्याच उंचीवर किंचाळलं की किंचाळी रंगासारखी पसरून जाते, मग मध्ये तो जेव्हा खाली येऊन पुटपुटतो ते क्षणच लक्षात राहतात.

आणि कव्हर. हे टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. या अल्बमच्या मूळ कव्हरवर छळ दाखवणाऱ्या जपानी सिनेमांतलं चित्र आहे, आणि याच बँडच्या १९९२ च्या 'लेंग त्चे'वर चीनमधल्या एका माणसाला तुकडे करून दिलेल्या मृत्युदंडाचा खरा फोटो. एशियन-अमेरिकन लोकांनी आणि त्यांच्या संघटनांनी यावर जोरात आक्षेप घेतला, आशियाई शरीरं म्हणजे छळ दाखवायची जागा आहे का, असा साधा आणि रास्त प्रश्न. झॉर्न तेव्हा वर्षातला बराच काळ टोकियोत राहायचा, जपानवर त्याचं प्रेम होतं, कलाकाराचं स्वातंत्र्य वगैरे मुद्देही आले. शेवटी दोन्ही अल्बम एकत्र करून 'ब्लॅक बॉक्स' नावाने नव्याने काढले गेले. माझं स्पष्ट मत असं की संगीतातला खेळकरपणा या चित्रांना लागू पडत नाही. कार्टूनमधला कोल्हा दरीत पडून पुन्हा उठतो म्हणून आपण हसतो. फोटोतला माणूस उठत नाही. झॉर्नच्या संगीतात हिंसा सतत खेळात बदलत जाते, तीच त्याची जादू आहे, आणि कव्हरवर नेमकं उलटं झालंय, खऱ्या वेदनेची सजावट झालीय. म्हणून मी हा अल्बम कुणाला देतो तेव्हा कव्हर न दाखवता फक्त संगीत देतो, आणि कव्हरचं काय प्रकरण आहे ते तोंडी सांगतो.

मग नव्या माणसाने सुरुवात कुठून करायची. 'टॉर्चर गार्डन'पासून करू नका, हा माझा ठाम सल्ला. आधी १९९० चा पहिला अल्बम घ्या, नावच 'नेकेड सिटी'. त्यात २६ गोष्टी आहेत आणि वेळ जवळपास दुप्पट. एनिओ मॉरिकोनेची सिनेमातली धून आहे, हेन्री मॅन्सिनीची आहे, जेम्स बाँडची धून तर सगळ्यांच्याच ओळखीची, आणि जॅझ सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन याचं 'लोनली वुमन' आहे. या नवव्या ट्रॅकनंतर, दहापासून सतरापर्यंत, ग्राइंडचे आठ तुकडे एकामागून एक येतात, आठ मिळून तीन मिनिटांच्या आत, आणि त्यानंतर लगेच जेरी गोल्डस्मिथचं 'चायनाटाउन', हळू, धुरकट, रात्रीचं. माझ्या तबलेवाल्या मित्राला जो पेशकार हवा होता तो इथे आहे. आधी नऊ ट्रॅक जमीन तयार होते, मग तीन मिनिटं ती फाटते, मग पुन्हा कुणी तरी दिवा लावून बसतं. तेच तुकडे, तीच माणसं, पण शेजार बदलला म्हणून त्यांचा अर्थ कितीतरी मोठा झाला. 'टॉर्चर गार्डन'वरचे ९ तुकडे मुळात याच अल्बमचे आहेत आणि बाकीचे ३३ नंतर १९९२ च्या 'ग्राँ गिन्योल'मध्ये आले, तिथेही त्यांच्यासोबत सतरा मिनिटांचा एक लांब तुकडा आहे, शिवाय देब्युसी आणि मेसियाँ या फ्रेंच कंपोझरांच्या रचना आहेत. म्हणजे झॉर्नलाही हे तुकडे नुसते सोडून चालत नाहीत हे माहीत असावं.

आणि ज्याला आपल्यासारखी विलंबिताची ओढ आहे त्याच्यासाठी 'लेंग त्चे' आहेच. संपूर्ण अल्बम म्हणजे एकच तुकडा, ३१ मिनिटांच्या वर, आणि लय इतकी संथ की गिटारचा एक ठोका पडल्यावर पुढचा कधी येणार याची वाट बघत बसावं लागतं. बराच वेळ नुसती गिटार, बास, ड्रम, आवाज फार उशिरा येतो आणि आला की अंगावर येतो. ज्या बँडने ४२ तुकडे केले त्यानेच हे केलं. माझ्या दृष्टीने 'टॉर्चर गार्डन'वरची सगळ्यात चांगली टीका खुद्द नेकेड सिटीनेच केलीय, ती ही. 'ब्लॅक बॉक्स'मध्ये दोन्ही एकत्र मिळतात, ते सलग ऐकायचे असतील तर 'टॉर्चर गार्डन' आधी आणि 'लेंग त्चे' नंतर, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या, चहा घ्या, फोन बाजूला ठेवा.

ऐकताना दोन-तीन साध्या गोष्टी पाळा. आवाज अर्ध्यावर ठेवा, वरच्या पट्टीतला सॅक्सोफोन हेडफोनवर कानाला खरंच त्रास देतो आणि जोरात लावल्याने कळतं असं काही नाही. एका वेळी सात-आठ तुकडेच ऐका, आणि प्रत्येक वेळी एकाच वादकाच्या मागे जा, आज बॅरन, उद्या फ्रिझेल. घरात आजी-आजोबा असतील तर हेडफोनच बरे. 'स्पीडफ्रीक्स' मात्र चार जणांत लावा, कुणी तरी तबल्यावर हात बसलेला माणूस सोबत असेल तर उत्तमच, आणि त्याला टाळी धरायला सांगा. तो कितव्या बारला हात थांबवतो ते बघा, आणि मग तिथून पुन्हा लावा.